वाढलेल्या प्रोस्टेटवर उष्णतेचे उपचार: वाफ, मायक्रोवेव्ह की लेझर?

प्रश्न: कृष्णाकाठ

नमस्कार. हा प्रश्न माझ्या वडिलांविषयी आहे. त्यांचे वय ७२ असून ते सांगलीला राहतात. प्रोस्टेट ग्रंथी वाढल्याचे निदान चार-पाच वर्षांपूर्वी झाले आणि तेव्हापासून टॅमसुलोसिन व ड्युटास्टेराइड यांची एकत्रित गोळी चालू आहे. यंदा पावसाळ्यात सर्दीसाठी त्यांनी औषधांच्या दुकानातून गोळ्या आणून घेतल्या आणि त्याच रात्री लघवी पूर्ण तुंबली. पहाटे रुग्णालयात नेऊन नळी घालावी लागली. नळी काढल्यावर लघवी होऊ लागली, पण धार बारीक आहे, रात्री वारंवार उठावे लागते आणि जाऊन आल्यावरही लघवी पूर्ण झाल्यासारखी वाटत नाही, असे ते सांगतात. सोनोग्राफीच्या अहवालात ग्रंथीचे आकारमान ६२ सीसी, मधला भाग मूत्राशयात डोकावणारा आणि लघवीनंतर आत उरणारी लघवी १४० मिली अशी नोंद आहे. धारेच्या तपासणीत सर्वाधिक वेग सेकंदाला ७ मिली आला. पीएसए (प्रोस्टेटच्या कर्करोगाचा संशय तपासण्यासाठी केली जाणारी रक्तचाचणी) १.९ आहे.

गेल्या वर्षी त्यांची अँजिओप्लास्टी झाली असून स्टेंट बसवलेला आहे. त्यामुळे अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल ही रक्त पातळ ठेवणारी दोन्ही औषधे चालू आहेत.

आमच्या युरॉलॉजिस्टनी दुर्बिणीतून शस्त्रक्रिया किंवा होल्मियम लेझर असे दोन पर्याय सांगितले. पुण्यातला मावसभाऊ मात्र म्हणतो की, आता वाफेचा उपचार निघाला आहे, चिरफाड नाही आणि त्याच दिवशी घरी येता येते. अडचण अशी की, माझ्या मोठ्या काकांनी नव्वदच्या दशकात मुंबईत मायक्रोवेव्हचा उपचार घेतला होता आणि पुढे काही वर्षांतच त्यांना शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली. त्यामुळे "शेकून प्रोस्टेट बसत नसते" हे वडिलांचे मत पक्के झाले आहे. वाफ आणि मायक्रोवेव्ह हे एकाच जातीचे उपचार आहेत का? आणि वडिलांच्या स्थितीत त्यांचा विचार करावा का?

उत्तर १: निवृत्त शल्यचिकित्सक

मी अनेक वर्षे मूत्ररोग विभागात काम केले आहे. रुग्णाला तपासल्याशिवाय निर्णय देता येत नाही, हे गृहीत धरून लिहितो.

आपल्या डॉक्टरांनी सुचवलेले दोन्ही पर्यायसुद्धा उष्णतेचेच आहेत. टीयूआरपीमध्ये, म्हणजे दुर्बिणीतून होणाऱ्या शस्त्रक्रियेत, विजेचा प्रवाह सोडलेल्या तारेच्या कडीने ग्रंथीचे काप काढले जातात. होल्मियम लेझरचा किरण पाण्यात चटकन शोषला जातो, त्यामुळे त्याची उष्णता ऊतींमध्ये अर्धा मिलिमीटरही खोल जात नाही आणि शल्यविशारद वाढलेला भाग आवरणापासून सोलून वेगळा करू शकतो. न्यूझीलंडचे पीटर गिलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही पद्धत नव्वदच्या दशकात विकसित केली. या पद्धतींत उष्णता सुरीचे काम करते आणि अडथळा त्याच दिवशी शरीराबाहेर जातो. मायक्रोवेव्ह, रेडिओलहरींच्या सुया आणि वाफ यांचा मार्ग वेगळा आहे. तेथे उष्णतेने पेशी मारल्या जातात, पण त्या जागेवरच राहतात आणि शरीर त्या हळूहळू शोषून घेते किंवा लघवीवाटे बाहेर टाकते. रुग्णाला भोगावे लागणारे बहुतेक बरेवाईट परिणाम याच फरकातून येतात.

आता काकांविषयी. ऐंशीच्या दशकात गुदमार्गातून किंवा मूत्रमार्गातून ग्रंथीला ४१ ते ४४ अंश सेल्सियसपर्यंत ऊब देण्याचे प्रयोग झाले. त्या तापमानाला पेशी सुजतात, त्रासतात, पण बहुतांश जिवंत राहतात. म्हणून आराम मिळाला तरी तो टिकला नाही. कायमचा परिणाम हवा असेल तर ४५ अंशांच्या पुढे जावे लागते, आणि तेवढी उष्णता मूत्रमार्गाच्या अस्तराला सोसत नाही. त्यावर उपाय म्हणून नळीत मायक्रोवेव्हचा अँटेना आणि त्याभोवती फिरते थंड पाणी अशी रचना करण्यात आली, म्हणजे अस्तर थंड राहावे आणि उष्णता त्यामागच्या ग्रंथीत साठावी. १९९६ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने असे पहिले यंत्र मान्य केले. २००० साली त्याच प्रशासनाला इशारा द्यावा लागला, कारण काही रुग्णांना गंभीर भाजण्याच्या इजा झाल्या होत्या. नळी जागेवरून सरकणे आणि रुग्णाला इतके गुंगीत ठेवणे की त्याला वेदना सांगता येऊ नये, ही त्यामागची महत्त्वाची कारणे होती. आपल्या काकांना नेमका कोणता उपचार मिळाला हे कळायला मार्ग नाही. त्या काळात 'मायक्रोवेव्ह' या एका नावाखाली नुसती ऊब देणारी आणि खरोखर ऊती जाळणारी अशी दोन्ही यंत्रे वापरात होती.

सुयांनी रेडिओलहरी सोडण्याची पद्धतही १९९६ मध्येच मान्य झाली आणि काही वर्षे तिचा गाजावाजा झाला. अमेरिकन युरॉलॉजिकल असोसिएशनने २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत ती वापरू नये असे स्पष्ट सांगितले. म्हणून वडिलांचा अविश्वास अगदीच निराधार म्हणता येणार नाही. या क्षेत्रात आरंभी वाजतगाजत आलेली बरीच यंत्रे आज अडगळीत पडली आहेत.

वाफेचा उपचार मात्र त्याच पंक्तीत बसवता येत नाही. त्याला २०१५ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली आणि ब्रिटनच्या नाइस या संस्थेनेही २०२० मध्ये अनुकूल मार्गदर्शन दिले. मूळ चाचणीत ३० ते ८० सीसी आकाराच्या ग्रंथी असलेले १९७ पुरुष होते. २०२१ मध्ये पाच वर्षांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, त्यांत वाफेचा उपचार घेतलेल्यांपैकी ४.४ टक्के रुग्णांना पुन्हा शस्त्रक्रियेसारखा उपचार लागला आणि ११.१ टक्के रुग्णांना औषधे पुन्हा सुरू करावी लागली. हे आकडे मायक्रोवेव्हच्या अनुभवापेक्षा बरेच चांगले आहेत, पण लघवीच्या वेगातील वाढ टीयूआरपी किंवा होल्मियम लेझरइतकी मोठी नसते.

वडिलांची ६२ सीसीची ग्रंथी या मर्यादेत बसते. मधला भाग वाढलेला असल्यास त्यातही वाफ सोडता येते, ही जमेची बाजू आहे. मला काळजी वाटते ती १४० मिली उरणाऱ्या लघवीची आणि एकदा पूर्ण तुंबून गेल्याची. मूत्राशयाच्या स्नायूत किती जोर उरला आहे, मूत्रपिंडांना सूज आहे का आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचे काम दाखवणारी रक्तचाचणी) किती आहे, हे आधी सांगा.

उत्तर २: भौतिकीचा मास्तर

वैद्यकीय सल्ला देण्याचा मला अधिकार नाही. वाफ आणि मायक्रोवेव्ह एकाच जातीचे आहेत का, या प्रश्नाचा भौतिकशास्त्राच्या अंगाने विचार करता येतो, तेवढाच करतो.

रेडिओलहरींच्या सुईभोवतीची उष्णता वहनाने पसरते. सुईलगत तापमान १०० अंशांच्या आसपास असले तरी काही मिलिमीटर दूर गेल्यावर ते वेगाने घटते, आणि ग्रंथीतून वाहणारे रक्त तीच उष्णता सतत वाहून नेत राहते. परिणामी मध्ये करपलेला भाग, त्याभोवती अर्धवट भाजलेला भाग आणि बाहेर नुसता कोमट भाग अशी उतरंड तयार होते. मायक्रोवेव्ह ऊतींना आतूनच तापवतात, परंतु तेथेही अँटेनापासूनचे अंतर आणि रक्तप्रवाह यांच्यामुळे उष्णता सर्वत्र सारखी राहत नाही, आणि प्रत्येकाच्या ग्रंथीतला रक्तप्रवाह वेगळा असल्याने एका रुग्णाला पुरलेली मात्रा दुसऱ्याला पुरत नाही.

वाफेच्या पद्धतीत सुमारे १०३ अंश तापमानाची पाण्याची वाफ सुईच्या बारीक छिद्रांतून ९ सेकंद सोडतात. एका वेळी लागणारे पाणी अर्ध्या मिलिलिटरपेक्षाही कमी असते. वाफ पेशींमधल्या फटींतून शिरते, पेशींवर थंडावून तिचे पाणी होते आणि त्या क्षणी ती आपली गुप्त उष्णता, म्हणजे दर ग्रॅमला सुमारे ५४० कॅलरी, सोडून देते. तो भाग ७० अंशांच्या आसपास एकसारखा तापतो. तव्यावर भाजणे आणि चाळणीत मोदक उकडणे यांत जो फरक आहे, तोच येथे आहे: उकडताना पारी कोठे करपत नाही आणि कोठे कच्चीही राहत नाही. शिवाय ग्रंथीच्या निरनिराळ्या विभागांमध्ये तंतूंचे पडदे असतात आणि बाहेर आवरण असते. वाफ फार दाबाने ढकललेली नसल्याने ती हे पडदे सहसा ओलांडत नाही. त्यामुळे आवरणाबाहेरच्या नसा आणि पलीकडचे गुदाशय यांना पोहोचणारी उष्णता मर्यादित राहते.

उत्तर ३: येऊर

मी ठाण्याचा, वय ६३. हा उपचार मी गेल्या वर्षी घेतला. माझी ग्रंथी साधारण ४५ सीसी होती, लघवी कधी तुंबली नव्हती आणि हृदयाचे काही नव्हते, तेव्हा माझा अनुभव आपल्या वडिलांना तंतोतंत लागू होईल असे समजू नका.

मी वाफ निवडण्याचे कारण मोकळेपणाने सांगतो, कारण आपल्याकडे पुरुष हे डॉक्टरांनाही विचारत नाहीत. टीयूआरपी आणि होल्मियम लेझरनंतर बहुसंख्य रुग्णांमध्ये वीर्य बाहेर न येता मूत्राशयात जाते. त्याने आरोग्याला अपाय नसतो, पण मला ते नको होते. वाफेच्या उपचारात ही क्षमता बहुतेकांची टिकते, आणि माझीही टिकली.

प्रत्यक्ष उपचाराला फार वेळ लागला नाही आणि संध्याकाळी मी नळीसह घरी आलो. मावसभाऊ सांगतात ते इथवर खरे आहे. त्यानंतरच्या दिवसांविषयी मात्र मला कोणी पुरेसे सांगितले नव्हते. मारलेली ऊती आधी सुजते, म्हणून लघवी पूर्वीपेक्षाही अडते. याचसाठी काही दिवस नळी ठेवावी लागते. नळी निघाल्यावर जळजळ, घाई आणि वारंवारता इतकी वाढली की, उपचार फसला अशी माझी खात्री झाली होती. लघवीतून पांढुरके तुकडे आणि अधूनमधून रक्ताची छटा जात होती. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यानंतर फरक जाणवू लागला आणि तीन महिन्यांच्या सुमारास धार खरोखर सुधारली. आता मी गोळी घेत नाही. ज्यांना आजच्या आज मोकळे व्हायचे आहे त्यांनी हा काळ लक्षात घ्यावा. घरात जिना असेल, नळी सांभाळणारे कोणी नसेल, तर तोही विचार आधी करावा.

खर्चाविषयी: वाफ सोडणारे हातातले उपकरण एकदा वापरून टाकून द्यावे लागते आणि देयकातील मोठा भाग त्याचाच असतो. माझ्या रुग्णालयाने हे दाखल होण्याच्या आदल्या दिवसापर्यंत सांगितले नव्हते, आणि विमा कंपनीनेही "ही शस्त्रक्रिया आहे की नवी पद्धत" यावर बराच पत्रव्यवहार केला. पूर्वमंजुरी लेखी घ्या.

उत्तर ४: माणदेश

विषयाला धरूनच एक विचारतो. माझ्या सासऱ्यांनी इंटरनेटवरून कमरेला बांधायचा इन्फ्रारेड पट्टा मागवला आहे आणि त्याने प्रोस्टेट वितळते असा विक्रेत्याचा दावा आहे. तोही उष्णतेचाच उपचार ना?

उत्तर ५: निवृत्त शल्यचिकित्सक

नाही. प्रोस्टेट ओटीपोटाच्या तळाशी, हाडांच्या कडीआड आणि मूत्राशयाखाली असते. बाहेरून तिथे ४५ अंशांपुढची उष्णता पोहोचवायची तर त्याआधी कातडी भाजेल. कोमट पाण्याच्या टबात बसल्याने ओटीपोटाचे स्नायू सैल होतात आणि प्रोस्टेटच्या दाहाने दुखत असेल तर बरे वाटते, एवढा त्याचा उपयोग जरूर आहे. वाढलेली ग्रंथी त्याने लहान होत नाही. सासऱ्यांना मधुमेहामुळे पायांत किंवा कमरेखाली बधिरपणा असेल तर तो पट्टा बांधू देऊ नका, भाजल्याचे त्यांना कळणार नाही.

कृष्णाकाठ (प्रश्नकर्ता)

आपण सर्वांनी इतक्या तपशिलाने लिहिले, त्याबद्दल आभारी आहे. क्रिएटिनिन १.३ आहे आणि सोनोग्राफीत दोन्ही मूत्रपिंडांना सूज नाही. मूत्राशयाची भिंत जाड झाल्याचा उल्लेख आहे. मूत्राशयाच्या जोराची वेगळी तपासणी झालेली नाही.

दोन शंका उरतात. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असताना यांतला कोणता उपचार करता येतो? आणि वाफेने मारलेली ऊती आतच विरघळणार असेल, तर त्यात कर्करोग दडलेला असल्यास कळणार कसे? वडिलांना ही दुसरी शंका फार सतावते.

उत्तर ६: निवृत्त शल्यचिकित्सक

दुसऱ्या शंकेपासून सुरुवात करतो, कारण ती रास्त आहे आणि जाहिरातींत तिचा उल्लेख सहसा नसतो. टीयूआरपी किंवा होल्मियम लेझरमध्ये काढलेली ऊती पॅथॉलॉजीकडे जाते आणि अनपेक्षित कर्करोग असल्यास बऱ्याचदा सापडतो. वाफ, मायक्रोवेव्ह किंवा सुया यांत तपासायला काहीच हाती येत नाही, म्हणून संशय आधीच फेडून घ्यावा लागतो. येथे एक गोष्ट सहज नजरेआड होते: ड्युटास्टेराइड सहा महिन्यांहून अधिक काळ घेतल्यास पीएसए साधारण निम्म्यावर येतो. तेव्हा वडिलांचा १.९ हा आकडा सुमारे ३.८ समजून वाचला पाहिजे. या वयात आणि एवढ्या मोठ्या ग्रंथीत तो एकट्याने घाबरवणारा नाही, परंतु मागच्या वर्षांचे आकडे काढून पाहा. गोळी नियमित चालू असताना पीएसए वाढत चालला असेल तर बोटाने तपासणी आणि गरजेप्रमाणे एमआरआय झाल्याखेरीज वाफेचा विचारही करू नये. आकडा खाली जाऊन स्थिर राहिला असेल तर वडिलांची समजूत घालायला ते पुरेसे कारण आहे.

आता रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या. क्लोपिडोग्रेल कधी थांबवायचे हे हृदयरोगतज्ज्ञाने ठरवायचे असते, युरॉलॉजिस्टने किंवा नातेवाइकांनी नव्हे, कारण नव्या स्टेंटमध्ये गुठळी झाली तर ते जिवावर बेतते. स्टेंट बसवल्यानंतर ठरावीक मुदतीने बऱ्याच रुग्णांचे दोनपैकी एक औषध बंद केले जाते. वडिलांची ती मुदत जवळ आली असेल, तर तातडी नसताना तेवढे थांबणे हा सर्वांत साधा उपाय आहे. एकट्या अ‍ॅस्पिरिनवर होल्मियम लेझर अनेक ठिकाणी केली जाते. हिरव्या प्रकाशाचा ५३२ नॅनोमीटरचा लेझरही अशा रुग्णांसाठी वापरतात, कारण तो किरण रक्तातील हिमोग्लोबिन शोषून घेते आणि ऊतीची वाफ होतानाच रक्तवाहिन्या बंद होतात. मात्र त्यातही तपासायला ऊती मिळत नाही. वाफेच्या उपचारात कापणे नसल्याने रक्तस्राव कमी होतो. तरीही सुई टोचली जाते आणि पुढे कित्येक दिवस मृत ऊती सुटत राहते, त्यामुळे दोन्ही औषधे चालू ठेवून तो बिनधास्त करावा असे मी म्हणणार नाही.

टीयूआरपी ठरलीच तर बायपोलर यंत्र आहे का, ते विचारा. जुन्या मोनोपोलर पद्धतीत ग्लायसिनचे द्रावण वापरावे लागते, ते रक्तात जास्त शोषले गेले की सोडियम उतरते आणि हृदयावर ताण येतो. बायपोलरमध्ये साधे सलाइन चालते.

माझे स्वतःचे मत विचाराल तर, लघवी एकदा तुंबलेली, भिंत जाड झालेली आणि १४० मिली लघवी आत उरत असलेली, अशा मूत्राशयाला लवकर आणि पूर्ण मोकळी वाट मिळणे मला अधिक महत्त्वाचे वाटते. म्हणून हृदयरोगतज्ज्ञांची हरकत नसेल तर माझा कल होल्मियम लेझरकडे राहील. वाफेनंतरचे पहिले काही आठवडे सूज असते आणि याच काळात पुन्हा तुंबण्याचा धोका असतो. नळीवर असलेल्या रुग्णांवर वाफेचा उपचार करून पाहिलेला आहे आणि त्यांतील बऱ्याच जणांची नळी सुटली आहे, तेव्हा तो मार्ग बंद आहे असे नाही. भूल देणे हृदयाच्या दृष्टीने धोक्याचे ठरले तर वाफ ही पहिली निवड होऊ शकते, कारण ती स्थानिक भूल आणि थोडी गुंगी देऊनही करता येते. यांपैकी काहीही ठरवण्यापूर्वी मूत्राशयाच्या दाबाची तपासणी, म्हणजे युरोडायनॅमिक्स, करावी की नाही हे आपल्या डॉक्टरांना विचारा. स्नायूच दुबळा झाला असेल तर वाट कितीही रुंद केली तरी धार अपेक्षेइतकी सुधारणार नाही, आणि ते वडिलांना आधी माहीत असलेले बरे.

तोपर्यंत सर्दीची दुकानी औषधे पूर्ण बंद ठेवा. त्यांतील नाक मोकळे करणारा घटक मूत्राशयाचे तोंड आवळतो आणि झोप आणणारा घटक मूत्राशयाचा जोर कमी करतो. वडिलांची लघवी तुंबण्यामागे तेच असण्याची दाट शक्यता आहे. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ठरलेली असेल तर टॅमसुलोसिन चालू असल्याचे नेत्रतज्ज्ञांना आवर्जून सांगा, कारण या औषधाने शस्त्रक्रियेच्या वेळी डोळ्यातील बुबुळ सैल पडते.

कृष्णाकाठ (प्रश्नकर्ता)

स्टेंटला पुढच्या महिन्यात वर्ष पूर्ण होते, तेव्हा आधी हृदयरोगतज्ज्ञांची वेळ घेतो. मागच्या तीन वर्षांचे पीएसए अहवाल सापडले: २.४, २.० आणि १.९. वडिलांना आकडे दाखवले. होल्मियम लेझर आमच्या डॉक्टरांकडे होत नाही, ते कोल्हापूर किंवा पुण्याला पाठवतात. वयस्कर माणसाला नळी घालून एवढा प्रवास करून परत आणणे सुरक्षित आहे का?

उत्तर ७: येऊर

माझ्याबरोबर त्याच खोलीत साताऱ्याचे एक गृहस्थ होते, त्यांची होल्मियम लेझरने शस्त्रक्रिया झाली होती. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी नळी निघाली, लघवी व्यवस्थित झाल्याची खात्री करून घेतली आणि मगच ते गाडीने गावी गेले. म्हणजे त्या शस्त्रक्रियेत नळी घेऊन प्रवास करण्याची वेळ बहुधा येत नाही. ती माझ्यासारख्या वाफवाल्यांवर येते.

उत्तर ८: निवृत्त शल्यचिकित्सक

हे बरोबर आहे. पीएसएचे आकडेही समाधानकारक आहेत. लांबून आलेल्या रुग्णाला मी नळी काढल्यानंतर एक रात्र त्याच गावात राहायला सांगत असे. घरी परतल्यावर लघवीतून गुठळ्या जाऊ लागल्या, धार अचानक थांबली किंवा थंडी वाजून ताप आला, तर पुण्याला फोन लावत बसू नका; सांगलीतल्या आपल्या युरॉलॉजिस्टकडेच तातडीने न्या. त्यांना शस्त्रक्रियेचा कागद, त्यात वापरलेली पद्धत आणि नळी काढल्याची तारीख दाखवता आली पाहिजे, म्हणून रुग्णालयातून निघतानाच त्याची प्रत मागून घ्या.